हिरव्या रंगाला पुरावा मागा

20 ऑक्टोबर 2025ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा व्हर्जिनियातला विभाग आडवा झाला. महिना उलटायच्या आत, 18 नोव्हेंबरला, वेबसाइटना संरक्षण आणि वेग पुरवणारं क्लाउडफ्लेअर पडलं. तेव्हापासून आपल्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये एक जुनाच वाद नव्या जोमाने रंगला आहे. एका बाजूचं म्हणणं असं, की कोणती सर्व्हिस, म्हणजे सॉफ्टवेअरचा स्वतंत्र चालणारा भाग, कोणावर अवलंबून आहे आणि कोणाची तब्येत कशी आहे हे एका पडद्यावर, एका नजरेत दिसायला हवं. तसा नकाशा नाही म्हणून आपण अंधारात चाचपडतो. दुसरी बाजू म्हणते, असले नकाशे भिंतीवर लावायला आणि साहेबांना दाखवायला ठीक, खरा प्रसंग आला की लॉग (घडामोडींच्या नोंदी) आणि ट्रेस (एकेका विनंतीचा माग) उघडूनच बसावं लागतं. मग नकाशा हाताने काढायचा की आपोआप बनवायचा, कुठल्या टूलचा चांगला, आणि हल्ली तो माणसाने वाचायचा की एआयने, यावर तासन्‌तास चर्चा चालते. नकाशा म्हणजे सिस्टिमचा फोटो, हे मात्र दोन्ही बाजूंनी धरूनच चाललेलं असतं. मला तिथेच खोट दिसते. अवलंबित्वाचा नकाशा ही विधानांची यादी आहे. प्रत्येक रेषा सांगते, 'याच्यावाचून त्याचं अडतं'. प्रत्येक हिरवा ठिपका सांगतो, 'इथे सगळं ठीक आहे'. विधान केलं की ते खोटं निघू शकतं आणि ते तपासण्याचं काम कोणाच्या तरी अंगावर असावं लागतं. ते कोणाच्याच अंगावर नाही, आणि आपण भांडतो रंगसंगतीवर.

नकाशावाल्यांची बाजू आधी मान्य करतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. एक मोठं सॉफ्टवेअर तोडून त्याच्या शेकडो लहान सर्व्हिस केल्या, की संपूर्ण चित्र डोक्यात ठेवणारा माणूस उरत नाही. गूगलने 2010 साली डॅपर या आपल्या यंत्रणेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला तो याच गरजेतून: एक विनंती आत शिरली की ती कुठून कुठे गेली याचा माग ठेवायचा. त्यावरून ट्विटरने झिपकिन हे साधन बनवून 2012 साली सर्वांसाठी खुलं केलं, 2017 साली उबरचं येगर आलं, 2019 साली दोन वेगवेगळे प्रयत्न एकत्र होऊन ओपनटेलिमेट्री उभं राहिलं. नेटफ्लिक्सने 2016 साली खुलं केलेलं विझसेरल तर पाहत राहावं असं होतं. वाहती रहदारी ठिपक्यांच्या धारांसारखी दिसायची. हे सगळं डोळ्यांचे लाड म्हणून झालं नाही. साधा गुणाकार करून बघा. प्रत्येकी 99.9 टक्के वेळ चालणाऱ्या दहा सर्व्हिस एकामागोमाग लागत असतील, तर शेवटी हाती 99 टक्केच उरतात. तीस दिवसांच्या महिन्यात एकटी सर्व्हिस 43 मिनिटं बंद राहील; दहांची साखळी सात तासांहून जास्त. ही साखळी कुठे किती लांब आहे हे माहीत नसेल, तर आपण ग्राहकाला दिलेलं वचन आणि आपली सिस्टिम यांचा संबंधच नाही असं म्हणावं लागेल. रात्री तीन वाजता फोन वाजून उठलेल्या, टीममध्ये नव्यानेच आलेल्या मुलीला 'तू लॉग वाच' असं सांगणं हा अनुभवी लोकांचा उर्मटपणा आहे. तिला नकाशा हवाच.

पण तिच्यासमोर येणारा नकाशा कशापासून बनलेला असतो? रहदारीपासून. 'अ'ने 'ब'ला हाक मारली, म्हणून दोघांमध्ये रेषा. आता हाक मारणं वेगळं आणि अडणं वेगळं. ऑर्डरची सर्व्हिस 'तुम्हाला हेही आवडेल' दाखवणाऱ्या सर्व्हिसला सेकंदाला हजार वेळा विचारत असेल, पण ती मेली तरी ऑर्डर पडते. उलट जिच्याकडे दिवसातून एकदाच बघितलं जातं अशी गोष्ट, म्हणजे एखादं सर्टिफिकेट, कोटा (वापराची ठरवून दिलेली मर्यादा) किंवा कॉन्फिगची फाइल, गेली की सगळंच बसतं. नकाशावर पहिली रेषा जाड आणि दुसरी मुळात नाहीच. 14 डिसेंबर 2020ला जीमेल, यूट्यूबसह गूगलच्या असंख्य सेवांत लोकांना 47 मिनिटं लॉगिन होता येईना, त्याचं मूळ ओळख पटवणाऱ्या सर्व्हिसला मिळणाऱ्या कोट्यात होतं. जुन्या व्यवस्थेचा उरलेला एक तुकडा तिचा वापर शून्य असल्याचं कळवत होता, म्हणून तिचा कोटा आपोआप कमी केला गेला. कोटा ही काही कोणी नकाशात चौकोन काढून दाखवण्याची गोष्ट नव्हे. त्यात नमुन्यांचा प्रश्न वेगळाच. डॅपरच्या पहिल्या रूपात दर 1024 विनंत्यांमागे एकीचाच माग ठेवला जायचा, आणि प्रचंड रहदारीत तेवढं पुरतंही. पण महिनाअखेरीला एकदाच धावणारं काम त्या चाळणीतून खाली पडतं. मध्ये काफ्कासारखी, निरोप साठवून पुढे देणारी रांग आली आणि निरोपासोबत ट्रेसचा धागा पुढे दिला नाही, तर रेषा रांगेपाशीच संपते. मग नकाशात सगळे काफ्कावर अवलंबून, काफ्का कोणावरच नाही, आणि खरा देणारा-घेणारा कोण याचा पत्ता नाही. सर्वांत घातक रेषा तर फक्त बिघाडातच उगवतात: मुख्य मार्ग बंद पडल्यावर ज्या पर्यायी मार्गाने जायचं ठरलंय, तो रोजच्या रहदारीत कधी दिसणारच नाही.

दिव्याखाली अंधार ही म्हण या धंद्यात शब्दशः खरी ठरली आहे. 28 फेब्रुवारी 2017ला अ‍ॅमेझॉनच्या एस3 या साठवणुकीच्या सेवेत एका आज्ञेत चुकीचा आकडा गेला, ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले आणि सेवा सुमारे चार तास विस्कळीत राहिली. त्या वेळी तब्येत दाखवणारा अ‍ॅमेझॉनचा सार्वजनिक डॅशबोर्ड बदलता येईना, कारण तो बदलण्याची सोय स्वतःच एस3वर उभी होती. जगाला कळवायला ट्विटर वापरावं लागलं. एवढ्यावर धडा घेतला गेला असेल असं वाटेल. ऑक्टोबर 2021मध्ये रोब्लॉक्स हा खेळांचा मंच 73 तास बंद होता. बिघाड कन्सल या एकमेकांचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेत होता आणि बिघाड दाखवणारी देखरेख यंत्रणाही कन्सलवरच विसंबून होती. 12 जून 2025ला गूगल क्लाउड पडलं तेव्हा पहिली अधिकृत सूचना लागायला जवळजवळ तास गेला, कारण सूचना लावण्याची यंत्रणाही त्याच बिघाडात सापडली होती. या तिन्ही कंपन्यांकडे जगातली उत्तम माणसं आणि उत्तम साधनं होती. नकाशे नव्हते असं कोण म्हणेल? पण नकाशा काढणाऱ्याने स्वतःला नकाशात काढलेलं नव्हतं.

आता हिरव्या रंगाकडे येऊ, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. 28 मार्च 1979च्या पहाटे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि मिटलीच नाही. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र ती मिटल्याचं सांगत होता. दिवा खोटं बोलत नव्हता. तो झडपेला 'मीट' हा हुकूम गेला एवढंच दाखवत होता, झडप मिटली की नाही हे मोजायची सोयच त्याच्यामागे नव्हती. दोन तासांहून अधिक काळ पाणी वाहून जात राहिलं, आणि समोर शंभरावर इशारे एकदम वाजत असलेल्या माणसांनी त्या दिव्यावर विश्वास ठेवून उलटे निर्णय घेतले. आपल्या सर्व्हिसच्या '/हेल्थ' या तब्येत विचारण्याच्या पत्त्यावर मिळणारं 200, म्हणजे 'ठीक आहे', हे उत्तर याहून काय वेगळं असतं? सोसायटीच्या वहीत रखवालदाराची दर तासाची सही असते, तेवढीच त्याची किंमत: वही भरली गेली हे कळतं, चोरी झाली नाही हे नाही. निदान अणुभट्टीत दिवे तरी पेटत होते. 14 ऑगस्ट 2003ला अमेरिकेच्या ईशान्येत आणि कॅनडात मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्याआधी ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात इशारे देणारं सॉफ्टवेअरच अडकून पडलं होतं. इशारा येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून माणसं तासाभराहून जास्त वेळ शांत बसून होती. म्हणून मी म्हणतो, की नकाशावर 'माहीत नाही' याला स्वतःचा रंग असला पाहिजे आणि तो हिरव्याच्या जवळपासही असू नये. शेवटची बातमी येऊन दोन मिनिटं झाली? ठिपका करडा. मोजमाप फक्त प्रक्रिया जिवंत आहे एवढंच सांगतं? तरीही करडा. प्रामाणिकपणे रंगवलं तर बहुतेकांचे नकाशे करडेच दिसतील. साहेबांना आवडणार नाहीत.

तब्येत कोणाच्या नजरेने बघायची, हाही प्रश्न आहेच. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2017 साली 'ग्रे फेल्युअर' नावाने हेच मांडलं: तपासणाऱ्याला घटक ठणठणीत दिसतो, वापरणाऱ्याला मात्र तो आजारी असतो, आणि मोठ्या क्लाउडमधले अनेक बिकट प्रसंग या फरकातून जन्मतात. एखाद्या सर्व्हिसच्या हजारातल्या 999 विनंत्या यशस्वी होत असतील आणि पडणारी प्रत्येक विनंती एकाच बँकेच्या ग्राहकांची असेल, तर ठिपका हिरवा आणि ती बँक ठार बंद, अशी दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. सर्व्हिसला स्वतःची तब्येत विचारून उपयोग नाही, तिला हाक मारणाऱ्याला विचारायला हवं.

आणि विचारायचं तेही बेताने. हेल्थ चेक, म्हणजे तब्येतीची ही चौकशी, फुकट नसतो. बेसावध राहिलं तर कुंपणच शेत खातं. 4 ऑक्टोबर 2021ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास गायब झाले. देखभालीतल्या एका चुकीच्या आज्ञेने डेटा सेंटरांना जोडणारं जाळं तुटलं होतं. पण जगाला पत्ते सांगणारे डीएनएस सर्व्हर धडधाकट होते. डेटा सेंटरशी बोलता येत नाही म्हणजे आपणच आजारी, असा नेमून दिलेला निष्कर्ष काढून त्यांनी स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतलं. अ‍ॅमेझॉनच्या 2025च्या प्रसंगातही पुढच्या टप्प्यात असंच घडलं: येणारं काम यंत्रांमध्ये वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरचे हेल्थ चेक कधी नापास, कधी पास असे हेलकावे खाऊ लागले, चांगली यंत्रंही बाहेर काढली जाऊ लागली, आणि शेवटी अभियंत्यांना ती आपोआप बाजूला करण्याची सोयच थांबवावी लागली. आपल्या घरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. 12 एप्रिल 2025ला यूपीआय ढेपाळलं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या विश्लेषणात जे कारण पुढे आलं ते असं, की काही बँकांकडून 'व्यवहाराचं काय झालं' हे विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला होता. झालं का, झालं का, असं विचारून विचारूनच होणारं काम थांबलं. मग 1 ऑगस्ट 2025पासून मर्यादा आल्या: एका अ‍ॅपवर दिवसाला शिल्लक पन्नासच वेळा बघायची, व्यवहाराची स्थिती तीनदाच आणि नव्वद सेकंदांच्या अंतराने विचारायची. आपल्या नकाशांत तब्येत विचारण्याच्या रेषा कधी काढलेल्या बघितल्यात? त्याही रहदारीच आहेत.

इथवर वाचून दुसऱ्या बाजूचे खूश झाले असतील: बघा, नकाशे निरुपयोगी. त्यांचंही खरं आहे, पण अर्धंच. जाणकार अभियंता प्रसंगात नकाशाकडे क्वचितच बघतो, हे मान्य. तो थेट एका शंकेवर बोट ठेवतो आणि ती पडताळतो. पण ती शंका आली कुठून? त्याच्या डोक्यातल्या नकाशावरून. कागदावरचा नकाशा निदान दुसऱ्याला खोडता येतो, डोक्यातला कोणाला दिसतच नाही. 18 नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअरच्या सेवांसोबत त्यांचं स्थिती सांगणारं पानही बंद पडलं. ते पान त्यांच्या जाळ्याबाहेर होतं, त्याचा या बिघाडाशी संबंध नव्हता, निव्वळ योगायोग. पण दोन्ही एकदम लाल दिसल्यावर काही अभियंत्यांच्या मनात रेषा उमटली आणि हा मोठा हल्ला असावा असा संशय सुरू झाला. खरं कारण घरातच होतं: बॉट, म्हणजे माणसाऐवजी वेबसाइटवर येणारे स्वयंचलित प्रोग्राम, ओळखण्यासाठी बनणारी एक फाइल दुप्पट फुगून ठरलेली मर्यादा ओलांडून गेली होती. एआय आणून बसवलं तरी यात काय फरक पडेल? दोन गोष्टी एकदम लाल झाल्या म्हणून संबंध जोडायची सवय त्याला आपल्यापेक्षा कमी असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. आणि जी रेषा कधी मोजलीच गेली नाही ती त्याला दिसणार कशी?

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या कॉलऱ्याची गोष्ट नकाशावाले हमखास सांगतात: 1854 साली डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले, ते एका पंपाभोवती दाटलेले दिसले, पंपाचा दांडा काढला. गोष्ट छान आहे, पण सांगायची ती अशी नव्हे. दांडा 8 सप्टेंबरला निघाला, तोवर साथ ओसरू लागली होती, आणि नकाशा प्रसिद्ध झाला नंतर. शिवाय त्याच वस्तीचा मृत्यूंचा नकाशा गटारांच्या आयोगाच्या अभियंत्यानेही काढला होता, त्याला त्यात पंप दिसला नाही. आणि दूषित हवेने रोग होतो असं मानणाऱ्यालाही ठिपक्यांची ती दाटी सहज पटली असती. स्नो यांचं वेगळेपण असं, की पाण्याची शंका ते काही वर्षं आधीपासून मांडत होते आणि इथे त्यांनी अपवाद शोधले. पंपाजवळच्या वर्कहाउसात, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात, 535 माणसं, मेली पाचच. तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरावर कामगार, कॉलऱ्याने कोणी दगावला नाही. ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा दगावली. तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं, म्हणून ती ते मागवून घ्यायची. तिच्या घरापासून त्या पंपापर्यंतची रेषा वस्तीच्या नकाशात मावणारी नव्हती. ती विचारपूस करून सापडली.

आपल्या धंद्यात विचारपूस म्हणजे तोडून बघणं. गूगलमध्ये चबी नावाची एक मूलभूत सेवा आहे. ती इतकी भरवशाची झाली, की लोक तिच्यावर हवं तसं विसंबू लागले, ती पडूच शकत नाही असं धरून. मग एखाद्या तिमाहीत ती ठरलेल्या उद्दिष्टापेक्षा जास्तच चांगली चालली असेल, तर तिचे अभियंते तिला मुद्दाम थोडा वेळ बंद पाडू लागले. ज्यांचं अडायला नको होतं त्यांचं अडलं, की लपलेली रेषा उघडी पडते. नेटफ्लिक्सची चालू यंत्रं स्वैरपणे मारणारी केऑस मंकी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिची गंमत म्हणून जेवढी चर्चा झाली तेवढी नकाशा तपासण्याचं साधन म्हणून झाली नाही. माझी मागणी साधी आहे: नकाशावरच्या प्रत्येक रेषेला ती शेवटची कधी तोडून पाहिली याची तारीख असावी. तारीख नसेल तर रेषा तुटक काढा. आणि पाचशे चौकोनांचा सूर्यफुलासारखा पसारा काढू नका. 'ग्राहकाने पैसे भरले' या एका कामापासून सुरुवात करून त्याला लागतं तेवढंच काढा, मग भले त्यात आठच चौकोन येवोत आणि त्यातला एक कोटा असो.

हा प्रश्न एखाद्या कंपनीच्या भिंतीपुरता राहिलेला नाही. जुलै 2024च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीसाठी सिस्टिम अडकवून ठेवणारा, हल्ला झाला आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे, त्यातही सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, ग्राहक यूपीआयला मुकले. बँकवार नकाशा काढला असता तर तो तीनशे स्वतंत्र चौकोनांचा दिसला असता. एनपीसीआयने त्या कंपनीचा दुवा तात्पुरता तोडला आणि हल्ला पसरू दिला नाही. रेषा माहीत असण्याचा फायदा तो हाच, हे नकाशावाल्यांच्या खात्यात जमा करायला हवं. रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल 2024च्या मार्गदर्शक टिपणात बँकांना आपली अंतर्गत आणि बाहेरची परस्परावलंबित्वं नोंदवायला सांगितलं आहे. भीती एवढीच, की ती नोंद ऑडिटसाठी काढलेली आणि वर्षभर कोणी न उघडलेली पीडीएफ होऊन बसेल. मुंबईच्या शेअर बाजारांनी वेगळा मार्ग दाखवला आहे: 2 मार्च आणि 18 मे 2024ला, दोन्ही शनिवारी, खरे सौदे चालू असताना मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर काम हलवून पाहिलं.

यावर लगेच उत्तर येईल, की यूपीआयला शनिवार नाही आणि बाजारासारखी घंटाही वाजत नाही. चहाच्या टपरीवरचा माणूस प्रयोगासाठी का अडावा? आक्षेप योग्य आहे. पण मुद्दाम काही तोडायची गरज नाही. बँका रात्रीच्या वेळी 'नियोजित देखभाल' म्हणून काही तास सेवा बंद ठेवतात आणि तसं आधी कळवतात. त्या तासांत एक रेषा आपोआप तुटलेली असते. आदल्या संध्याकाळी नकाशावरून लिहून ठेवायचं, की कोणकोणते व्यवहार अडतील. सकाळी प्रत्यक्ष पडलेल्या व्यवहारांशी ताडून पाहायचं. एनपीसीआय दर महिन्याला बँकवार तांत्रिक कारणाने नाकारलेल्या व्यवहारांची टक्केवारी जाहीर करतेच, म्हणजे मोजमाप होतंय. त्या टक्केवारीशेजारी आणखी एक रकाना हवा: नकाशाने यातले किती आधी सांगितले होते.